रविवार-सोमवार मुंबई: लेकीला चित्रं-शिल्पं कुठे दाखवू?

साताऱ्याची_आई
लेकीला ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली आणि तेव्हापासून घरात ‘जेजे, जेजे’ (म्हणजे जेजे कला महाविद्यालय) एवढंच पालुपद. म्हटलं, चला, बाहेरून तरी बघून येऊ. शनिवारी रात्री भावाकडे परळला उतरतोय, सोमवारी रात्रीची परतीची एसटी. मधल्या दोन दिवसांत तिला पुस्तकात छापलेली नाहीत, खरी चित्रं-शिल्पं दाखवायची आहेत. मला यातलं ओ की ठो कळत नाही. शाळेच्या सहलीत प्रिन्स ऑफ वेल्स ‘बघितलं’ होतं. दोन-दोनच्या रांगा, पुढे बाई ‘चला, चला’ करतायत, आणि लक्षात काय राहिलं, तर पेंढा भरलेले प्राणी. तसं व्हायला नको. कुठे जाऊ?

लोकलवीर
म्युझियम (तुमचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय), जहांगीर आर्ट गॅलरी आणि एनजीएमए (आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय), तिन्ही काळा घोड्याला एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. रविवारी एका दिवसात उरकतं. सोमवार चौपाटी आणि खरेदी.

खडू_डस्टर
‘उरकतं’ वाचलं आणि राहवलं नाही. एकोणतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, दरवर्षी एक वर्ग घेऊन म्युझियमला जायचो. सुरुवातीला मीही तुमच्या बाईंसारखाच, ‘चला, चला’. एका वर्षी एक पोरगा एका मूर्तीसमोरून हलेना. ओढायला गेलो तर म्हणतो, “सर, ह्याने विग लावलाय का?”

ती मूर्ती मीरपूर खासच्या स्तूपावरची. भाजलेल्या मातीची, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली. हातात कमळ घेतलेला एक पुरुष, आणि डोक्यावर कुरळ्या केसांचा असा काही डोलारा, की पोराचं काही चुकलं नव्हतं. मीरपूर खास सिंधमध्ये. ते मुंबईत कसं आलं? तर 1936पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्तूप खणला, तेव्हा सापडलेलं बरंचसं इथे आलं. पुढे फाळणी झाली. स्तूप तिकडे, मूर्ती इकडे. त्या दिवशी अख्खा वर्ग तिथेच जमिनीवर बसवला आणि पुढची दालनं सोडून दिली. हेडबाईंनी नंतर झापलं, ते सोडा.

तेव्हा ताई, रविवारी म्युझियम. सकाळी उघडताना पोचा आणि तीन-चार गोष्टींपलीकडे जाऊ नका. मीरपूर खास एक. कर्नाटकातल्या ऐहोळेची छताची शिल्पं दुसरी. मूळची देवळाच्या छतातली, माना वर करून बघायची. इथे समोर उभी आहेत, छिन्नीचं काम डोळ्यांच्या पातळीवर दिसतं. तिसरं म्हणजे अकबराच्या काळातल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ या फारसी प्राणिकथांच्या पोथीतली चित्रं, मांडलेली असतील तर. लघुचित्राला नाक काचेला टेकेपर्यंत जवळ जायचं असतं. आत शिरण्याआधी बाहेर हिरवळीकडे उभं राहून घुमट बघून घ्या. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय. जॉर्ज विटेटने बांधलेली इमारत 1914 साली तयार झाली, पण महायुद्धात तिचं लष्करी इस्पितळ झालं. म्युझियम म्हणून दारं उघडली ती 1922 साली.

एनजीएमए सोमवारी बंद, तेही रविवारीच करा. मात्र तिथे बदलती प्रदर्शनं असतात, काय लागलंय ते आधी बघा. जहांगीरला तिकीट नाही. बऱ्याचदा चित्रकार स्वतःच खुर्ची टाकून बसलेला असतो, तिला बिनधास्त प्रश्न विचारू दे. (तिथलं समोवार हे कॅफे 2015ला बंद झालं. आमच्या पिढीचा अर्धा कलाइतिहास तिथल्या चहाच्या कपात बुडालाय.)

सोमवारी सकाळी जेजे. समोरच क्रॉफर्ड मार्केट, त्याच्या कमानींवरची शेतकऱ्यांची उठावशिल्पं बघायला विसरू नका. ती लॉकवुड किपलिंगची, जेजेमध्येच शिकवायचा तो. लोक खाली आंब्यांचा भाव करत असतात, वर बघत कोणी नाही.

दुपारी भायखळ्याला राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1872चं. मधे दुरुस्तीसाठी बंद होतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. आत जुन्या मुंबईच्या माणसांच्या मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, पगडी-पागोट्यांसकट. पण त्याआधी बाहेरचा दगडी हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलेफंटा म्हटलं, तो हाच. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते 1914मध्ये सांधले. पोरीला ते सांधे शोधायला सांगा. पाचापैकी चार कुटुंबं त्याच्यासमोरून पेंग्विन बघायला पळत असतात.

चिंचपोकळीची_मंजू
सर, टाटांचं राहिलं! रतन टाटा (जुने, सर रतन) आणि दोराबजी यांनी दिलेली युरोपियन चित्रं प्रिन्स ऑफ वेल्समध्येच आहेत. जेजेला जायचं म्हणते तर तैलरंग जवळून बघू दे की. आणि तिथलीच असिरियन (प्राचीन इराकमधल्या) राजवाड्यातली शिल्पं विसरलात.

खडू_डस्टर
विसरलो नाही, मुद्दाम गाळलं. सगळंच सांगितलं तर पुन्हा रांग आणि ‘चला, चला’. पण तैलरंगांचं तुमचं पटलं. ऐहोळेनंतर जेवून वर जा. ताई, वही आणि पेन्सिल बरोबर ठेवा. रंग नकोत, आणि काढायला बसण्याआधी रक्षकाला विचारा.

साताऱ्याची_आई
आलो काल जाऊन. सर, तुमचं ऐकलं, तरी ‘विग’वाल्यासमोर आमचा पाऊण तास गेला. मी बाकावर बसून राहिले, लेक उभी. युरोपियन चित्रं पंधरा मिनिटांत बघून झाली, तिला नाही आवडली. म्हणाली, “सगळे पोज देऊन बसलेत.” मंजूताई, रागावू नका.

हत्तीचे सांधे तिने मोजायला घेतले आणि तीनदा वेगळा आकडा आला. एक माळीदादा बघत होते, तेही मोजायला लागले, त्यांचा चौथाच आकडा. पेंग्विन राहिले, त्यावरून भाच्याचा अजून रुसवा आहे.

आता नवीन डोकेदुखी. परत आल्यापासून शाडू माती हवी म्हणतेय. गणपतीच्या कारखान्यात मागितली तर देतात का? की पेणहून आणावी लागते?