मदत हवी आहे: ज्युनिअर कॉलेज फुटबॉल, पाच मॅचनंतर दुखापत, सीझन वाचेल का?

मुलगा कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला (म्हणजे इथलं दोन वर्षांचं ज्युनिअर कॉलेज, आपलं अकरावी-बारावीचं नव्हे) लाइनबॅकर म्हणून बचावात खेळतो (अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे), पहिलंच वर्ष. दहापैकी पाच मॅच खेळला आणि पाचव्या मॅचला दुसऱ्या क्वार्टरमधे गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, सीझन तिथेच संपला. रोज रात्री ब्रेस काढून गुडघ्याला बर्फ लावून बसतो आणि जुने व्हिडिओ बघत राहतो, बघवत नाही हो.

इथे कम्युनिटी कॉलेजला खेळाची स्कॉलरशिप नसतेच, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न पुढे डिव्हिजन वनला (कॉलेज खेळातला सगळ्यात वरचा गट) जाण्याचा आहे. तिथे चार मॅचपर्यंत खेळलं तर रेडशर्ट मिळून (म्हणजे तो सीझन मोजला न जाता) वर्ष वाचतं, आमच्या नेमक्या पाच झाल्या. शिवाय कॉलेजला खेळायच्या पाच वर्षांच्या मुदतीचं घड्याळ ज्युनिअर कॉलेजपासूनच सुरू होतं. २०२४ च्या डिसेंबरमधे दिएगो पाव्हिया या खेळाडूच्या केसनंतर (ज्युनिअर कॉलेजचं खेळणं मुदतीत धरू नका म्हणून तो कोर्टात गेला होता) एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेने, एक वर्ष जास्त खेळायची सूट दिली होती, पण ती ज्यांची मुदत तेव्हा संपत होती त्यांच्यापुरती.

कोचशी बोललो, ते म्हणाले काउन्सेलरला विचारा, काउन्सेलर म्हणतात कोचला विचारा. एमआरआय, सर्जनचं पत्र, ट्रेनरच्या नोंदी सगळं जमवलंय. अभ्यासाची पूर्ण १२ युनिट चालू आहेत, जीपीए ३.१, एनसीएएकडे नोंदणीही झालीय. वकील परवडणार नाही.

कुणाच्या मुलाचं असं झालंय का? कम्युनिटी कॉलेजने मेडिकल हार्डशिप (दुखापतीमुळे तो सीझन न मोजण्याची सवलत) मंजूर केली तर डिव्हिजन वनवाले ती तशीच धरतात, की तिथे गेल्यावर नव्या कॉलेजला परत अर्ज करावा लागतो?