'पॅलिएटिव्ह केअर'ला मराठीत काय म्हणायचं?

मिरजकरीण
किडनीच्या पेशंटच्या घरच्यांसाठी मराठीत एक पान लिहून द्यायचंय, इथल्याच एका दवाखान्यात लावणारेत. बाकी सगळं जमलं, पण 'पॅलिएटिव्ह केअर'पाशी येऊन अडलंय. कुठं 'उपशामक सेवा' दिसतं, कुठं 'परिहार सेवा'. घरच्यांना काय कळणार त्यातनं? डॉक्टर म्हणतात वय झालंय, हार्टपण वीक आहे, डायलिसिस सुरू न करता त्रास कमी ठेवू, आणि मुलगा बाहेर येऊन सांगतो डॉक्टरांनी हात टेकले.

अजिंक्यतारा
परिहार नको ओ! आमच्या साताऱ्याकडं परिहार म्हणजे श्रमपरिहार, आणि श्रमपरिहार म्हणजे मटणाचा रस्सा. पाटी लावली तर लोक ताट घेऊन येतील. आणि 'उपशामक' आमच्या आईला वाचून दाखवलं तर विचारेल, हा अग्निशामकाचा भाऊ का.

वाळव्याचा वैद्य
भाऊच आहे की, दोन्हीत शम धातू. आयुर्वेदात शोधन आणि शमन असे दोन भाग आहेत, दोष बाहेर काढणं आणि आतल्या आत निवळवणं. डायलिसिसला शास्त्राप्रमाणं शोधन म्हणता येणार नाही, पण समजवायला मी तसंच सांगतो: मशीन रक्त धुतं, हे दुसरं त्रास शमवतं. आणि एक नक्की लिहा, हे फक्त डायलिसिस बंद झाल्यावरचं नाही, आठवड्याला दोन-तीनदा मशीनवर जाणाऱ्यालापण लागतं, कारण अंगाची खाज, मळमळ, रात्री पायाची तळमळ, धाप, हे सगळं मशीननं जातंच असं नाही. नुसती खाज घ्या, माणूस रात्रभर झोपत नाही आणि घरच्यांना वाटतं त्वचेचा रोग झालाय, मग मलम आणतात. गॅबापेंटिन नावाचं नसांच्या दुखण्यावरचं औषध अगदी कमी डोसात दिलं तर बऱ्याच जणांना आराम पडतो. दुखण्यावरच्या मॉर्फिनचं मात्र जपून, किडनी काम करत नसली की त्याचे अंश शरीरात साठतात, ग्लानी येते, हातपाय झटके देतात, म्हणून जाणकार डॉक्टर फेंटानिल, बुप्रेनॉर्फिन अशा दुसऱ्या वेदनाशामकांकडं वळतात.

कृष्णाकाठ
नवा शब्द पाडायचाच कशाला? आपण म्हणतोच ना, 'तिनं सासऱ्यांचं आजारपण काढलं'. शेवटपर्यंत सगळं आलं त्यात.

मिरजकरीण
आलं, पण 'काढलं' कुणी, तर सुनेनं. डॉक्टर नाही, नर्स नाही, औषध नाही, एकटी बाई. पत्रकात ते लिहिलं तर दवाखाना मोकळा!

कृष्णाकाठ
हे मान्य. मग 'शुश्रूषा'? मुळात ऐकण्याची इच्छा असा अर्थ आहे, श्रु धातूवरनं. पेशंटला काय हवंय ते आधी ऐका, मग ठरवा.

अजिंक्यतारा
अर्थ भारी, पण लिहिताना निम्मे लोक श, ष कुठला यातच अडकणार. बरं, डायलिसिस थांबवणं म्हणजे इच्छामरणच झालं ना? आमच्याकडं एकानं थेट सल्लेखना म्हटलं.

वाळव्याचा वैद्य
दोन्ही नाही. सल्लेखना हे हळूहळू अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं जैन व्रत आहे, सांगलीकडं लोकांना माहीत असतं, ते धर्माच्या भावनेनं घेतात. इथं उपचाराचा फायद्यापेक्षा त्रास जास्त होतोय म्हणून तो थांबवतात, मृत्यू आजारानं येतो. शुद्धीतल्या माणसाला नको असलेला उपचार नाकारता येतो, हे सुप्रीम कोर्टानं 9 मार्च 2018 च्या निकालात मानलंय. उपचाराबद्दल आधी लिहून ठेवायच्या कागदाची पद्धत 2023 ला सोपी केली, नोटरीपुढंही चालतं. त्या कागदाला 'मृत्युपत्र' लिहू नका, घरात जमिनीवरनं भांडण लागेल.

मिरजकरीण
'त्रास कमी ठेवणारी देखभाल' लिहिते आणि खाली बारीक अक्षरात 'पॅलिएटिव्ह केअर', कारण डॉक्टर तोच शब्द बोलणार. वर 'शेवटचे दिवस' असं हेडिंग टाकू का?

वाळव्याचा वैद्य
सरसकट नको. डायलिसिस थांबवल्यावर बहुतेकांना साधारण आठवडा-दीड आठवडा मिळतो, लघवी होत असेल तर जास्त. पण मशीन सुरूच न करणारे कित्येक महिने, काहीजण वर्षंही काढतात. त्यांच्या घरात 'शेवटचे दिवस' वाचून उद्यापासनं पाहुणे यायला लागतील.