रुंदीकरणाच्या आखणीत आलेले वीरगळ

काणकोणकर:
गोव्यात आमच्या वाड्याबाहेर (वस्तीबाहेर) महामार्ग रुंद करण्यासाठी चुन्याची फक्की टाकून आखणी झाली असून, वडाच्या मुळांत अर्धे रुतलेले दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिशिळा) आणि एक चिरेबंदी तळी त्या आखणीच्या आत येते. एका वीरगळाच्या खालच्या पट्टीत होडी आणि वल्ही स्पष्ट दिसतात. कामापूर्वी पुरातत्त्वीय सर्वेक्षण बंधनकारक असते का, आणि अर्ज कोणाकडे करावा?

कायदेवाचक:
सरसकट बंधनकारक नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित ठरले, पण हे कवच यादीत नाव असलेल्यांनाच मिळते. वडाखालचा वीरगळ त्या यादीत कुठून असणार? पर्यावरणीय मंजुरीच्या निमित्ताने पाहणी होईल म्हणावे, तर २०१३ च्या बदलानंतर १०० किलोमीटरपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्ग-विस्ताराला ती मंजुरी लागत नाही, आणि आपल्याकडची कामे तुकड्यातुकड्यांनीच निघतात. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला सर्व्हे क्रमांकासह अर्ज द्या, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या आणि पोच घ्याच. भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत जमिनीत हितसंबंध असलेल्याला हरकत घेता येते. तळी कोमुनिदादच्या (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) जमिनीत असेल तर कोमुनिदादलाच पुढे करा.

जुना विद्यार्थी:
सर्वेक्षण म्हणजे लगेच खणणे नव्हे. आधी जुने नकाशे पाहतात, मग आखणीवरून ठरावीक अंतराने चालत खापरे टिपतात, शंका आली तरच चाचणी-खड्डे घेतात. इंग्लंडमध्ये १९९० पासून हा खर्च बांधणाऱ्यावर टाकण्याचे धोरण आहे, आणि केंब्रिज–हंटिंग्डन मार्गाच्या कामात सुमारे २५० पुरातत्त्वज्ञ राबले. आपल्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) जांभ्यावरची माती इतकी पातळ असते की यंत्राच्या पहिल्याच खरवडीत सारे निघून जाते. पणसायमळची कुशावती नदीकाठची खडकावर कोरलेली शिल्पे १९९३ मध्ये अभ्यासकांपुढे आली, तीही गावकऱ्यांनी दाखवली म्हणून. तेव्हा वाड्यावरच्या वृद्धांना आधी विचारा.

तिसवाडीकर:
आमच्याकडे एका ठेकेदाराने जेसीबीने वीरगळ उचलून देवळामागे टेकवून ठेवला आणि दगड वाचला म्हणून सगळे खूश झाले. तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, पायाशी काय पुरलेले होते, हे आज कोणीही सांगू शकत नाही. साळावली धरणासाठी कुर्डीचे महादेव मंदिर हलवले, तेव्हा ते पद्धतशीर उतरवून दुसरीकडे पुन्हा उभारले गेले होते. म्हणजे हलवण्यालाही रीत असते. तुम्ही निदान मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे काढा, मात्र माती उकरू नका.

काणकोणकर:
सर्वांचे आभार. आज सकाळी मापे घेतली. होडीचा वीरगळ मातीवर साडेतीन फूट आहे आणि त्याचे तोंड तळीकडे आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आले नव्हते. जमीन कोमुनिदादचीच निघाली. २१ दिवसांपैकी आठ उरले आहेत, म्हणून अर्ज उद्याच देत आहे.