४६ आकाराचे स्वस्त ग्लो इंजिन: ताकद खरोखरच कमी, की जुळणी अपुरी?

प्रश्न: हवाईछंद, पुणे

नमस्कार. माझ्याकडे पंख वरच्या बाजूला असलेले, रेडिओवर उडवायचे साधे ट्रेनर (शिकाऊ) मॉडेल विमान आहे आणि इंधन न भरता त्याचे वजन अडीच किलोच्या आसपास भरते. त्यावर ४६ आकाराचे, म्हणजे साधारण साडेसात सीसीचे, बॉल बेअरिंगचे एबीसी (अल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेले पितळी सिलिंडर असलेले) ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या प्लगच्या तारेने मिथेनॉल पेटवणारे इंजिन, बसवले आहे. नामांकित जपानी इंजिनाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत ते मिळाले, आणि खोक्यावर अश्वशक्तीचा आकडा मात्र त्या जपानी इंजिनाच्या तोडीस तोड छापलेला होता. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष इंजिनाचा आहे की माझ्या जुळणीचा हेच मला ठरवता आलेले नाही.

तक्रारी तीन आहेत. ११×६ च्या प्रॉपवर (व्यास ११ इंच, पिच म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचे अंतर ६ इंच) जमिनीवर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्या मोजणारे यंत्र, मिनिटाला १०,८०० फेऱ्यांच्या आसपास थांबतो. मैदानावरच्या मित्राचे जपानी ओएस ४६ एएक्स इंजिन त्याच मापाच्या प्रॉपवर ११,९०० दाखवते. आयडलवरून, म्हणजे सर्वांत मंद चालीवरून, थ्रॉटल एकदम उघडला की इंजिन गुदमरते आणि बऱ्याचदा बंद पडते. शिवाय दुपारच्या उन्हात विमान चढवत असताना दोन-तीन मिनिटांनी आवाज बसू लागतो आणि विमान उतरवावे लागते. इंधन ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल असे आहे, त्यात नायट्रो (नायट्रोमिथेन) नाही. हे इंजिन विकून महागडे घ्यावे, की यातूनच काही निघू शकेल?

उत्तर १: टॅको

आधी खोक्यावरच्या आकड्याचा विषय संपवू. ग्लो इंजिनांची जाहीर केलेली अश्वशक्ती बहुधा मिनिटाला १६,००० फेऱ्यांच्या आसपासची असते. तुमच्या ट्रेनरवर ११×६ चा प्रॉप लावून कोणतेही ४६ आकाराचे इंजिन जमिनीवर तिथवर पोहोचत नाही. त्यामुळे दोन खोक्यांवर एकच आकडा असला तरी ११,००० ते १२,००० च्या पट्ट्यात, म्हणजे जिथे आपण प्रत्यक्ष उडवतो तिथे, त्या दोन इंजिनांत बरीच तफावत असू शकते. स्वस्त इंजिनाची पारख त्या पट्ट्यातच करायला हवी आणि तीही एकाच प्रॉपवर. एकाच मापाचा नव्हे, प्रत्यक्ष तोच प्रॉप काढून दुसऱ्या इंजिनावर लावायचा, कारण ११×६ असे छापलेले दोन वेगळ्या कंपन्यांचे प्रॉप पात्यांच्या आकारामुळे काहीशे फेऱ्यांचा फरक सहज दाखवतात.

टॅकोमीटरचीही खात्री करून घ्या. घरात जुन्या पद्धतीच्या चोकची ट्यूबलाइट असल्यास ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. टॅकोमीटर दोन पात्यांवर ठेवून त्या प्रकाशासमोर धरल्यास ३,००० दिसायला हवे. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा एलईडी दिव्याखाली ही चाचणी जमत नाही.

तुमचे आकडे खरे धरले तर फरक किरकोळ म्हणता येणार नाही. एकच प्रॉप फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि विमानाला पुढे ओढणारा जोर वर्गाच्या प्रमाणात. ११,९०० च्या तुलनेत १०,८०० म्हणजे फेऱ्या नऊ टक्क्यांनी कमी, जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी आणि शक्ती तब्बल पाव भागाने कमी. केवळ ‘चिनी माल’ म्हणून इतकी तूट पडत नाही. आणखी काहीतरी बिघडलेले आहे. मित्र कोणते इंधन वापरतात, ते लिहिले नाही. तेही कळवा.

पुण्याबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण मैदानावर ती नेहमी उलटी सांगितली जाते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, एप्रिलच्या ३८ अंशांच्या दुपारी, हवेची घनता प्रमाण स्थितीपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी असते. इंजिनाची शक्ती तेवढी घटते हे खरे, पण विरळ हवेत प्रॉपवरचा भारही तेवढाच हलका होतो. म्हणून टॅकोमीटरवरचा आकडा फारसा पडत नाही. कमी होतो तो जोर. तेव्हा तुमचे १०,८०० पुण्याच्या हवेच्या माथी मारता येणार नाहीत. विमान दुपारी जडपणे चढते याचा काही दोष मात्र हवेकडे जातो.

उत्तर २: एरंडेल

इंधनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे स्वस्त इंजिनांची निम्मी बदनामी इथूनच सुरू होते.

८०/२० चे मिश्रण वाईट नाही. नियंत्रण-दोरीच्या (तारेला बांधून गोल फिरवल्या जाणाऱ्या) विमानांच्या वेगाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हेच मिश्रण ठरवून दिलेले आहे आणि त्यावर इंजिने थक्क करणाऱ्या वेगाने फिरतात. पण ती इंजिने त्या इंधनासाठी बांधलेली असतात. बाजारातली बहुतेक साधी इंजिने अमेरिकी ग्राहक डोळ्यासमोर ठेवून बनतात आणि तिकडे १० ते १५ टक्के नायट्रोमिथेन सर्रास वापरले जाते. नायट्रोच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो मिथेनॉल जाळायला सुमारे साडेसहा किलो हवा लागते, तर एक किलो नायट्रोमिथेनला दोन किलोही लागत नाही. त्यामुळे नायट्रो असेल तर सिलिंडरमध्ये प्रत्येक फेरीला जास्त इंधन जळू शकते, आयडल स्थिर राहते आणि थ्रॉटल उघडताना इंजिन चाचरत नाही. निर्मात्याने नायट्रो गृहीत धरून कॉम्प्रेशन थोडे कमी ठेवलेले असते. तुम्ही नायट्रोविना चालवता तेव्हा त्या कमी कॉम्प्रेशनवर ज्वलन उशिरा होते, आणि हाच उशीर तुम्हाला फेऱ्यांच्या तुटीत दिसतो.

उपाय दोन. पहिला प्लग. ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार आणि मिथेनॉलची वाफ यांच्यातल्या प्रक्रियेवर हे सगळे यंत्र चालते. रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये ग्लो प्लग बाजारात आणला तेव्हापासून मूळ तत्त्व बदललेले नाही. स्वस्त इंजिनाबरोबर येणारा प्लग हा त्याचा सर्वांत कच्चा भाग असतो. तो काढून ठेवा आणि चांगल्या कंपनीचा मध्यम ते गरम प्रकारचा लांब आट्यांचा प्लग घाला. ओएस ८ किंवा एन्या ३ सारखा प्लग घातल्यावर काही इंजिनांचे आयडल त्याच दिवशी सुधारलेले मी पाहिले आहे. दुसरा उपाय हेडखालच्या शिमचा. हेडचे स्क्रू उलगडल्यावर सिलिंडरच्या तोंडावर पातळ धातूच्या कड्या दिसतील. दोन असतील तर एक काढून कॉम्प्रेशन वाढवता येते. एकच असेल तर घाई करू नका. पिस्टन हेडला टेकणार नाही ना, हे हाताने प्रॉप सावकाश फिरवून आणि मऊ सोल्डरची तार दाबून आधी पाहा. पुन्हा बसवताना हेडचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा.

एरंडेल औषधाच्या दुकानातले नको. इंजिनासाठीचे शुद्ध, गोंद काढलेले तेल घ्या. एरंडेल गरम धातूवर इतर तेलांपेक्षा चिवटपणे टिकते, म्हणून लीन (इंधन कमी, हवा जास्त) चाललेल्या इंजिनाला ते वाचवते. त्याचा तपकिरी थर साचतो हे मान्य, पण थर खरवडता येतो, ओरखडलेली स्लीव्ह (सिलिंडरचे आतले अस्तर) परत मिळत नाही. आणि मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. साठवण आणि खरेदी दोन्ही नियमांत राहूनच करा.

हवाईछंद

दोघांचेही आभार. मित्राला विचारले, त्यांच्या इंधनात १० टक्के नायट्रो आहे. म्हणजे तुलना सारखी नव्हती. त्यांचाच प्रॉप माझ्या इंजिनावर लावून पाहिला, तर फेऱ्या दोनशेने वाढल्या. पण थ्रॉटल उघडताना बंद पडणे आणि उन्हात दम टाकणे तसेच आहे. नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई) एक दिवस नीट बसली की दुसऱ्या दिवशी तीच जागा चुकीची निघते.

उत्तर ३: नीडलवाला

शेवटच्या वाक्याने बरेच काही सांगितले. नीडलची जागा रोज बदलत असेल तर आधी हवेची गळती शोधा, मिश्रण नंतर. स्वस्त इंजिनांचे सिलिंडर-पिस्टन हल्ली बरे असतात. घोळ असतो तो जोडांमध्ये. कार्ब्युरेटरच्या बुडाचे ओ-रिंग, मागच्या झाकणाचे गॅस्केट आणि नीडलच्या आट्यांवरचे छोटे रबर, या तीन जागी बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण आपोआप लीन होते. इंजिन आयडलवर ठेवून, प्रॉपच्या मागे उभे राहून, प्रत्येक जोडावर तेलाचे दोन थेंब टाका. थेंब पडताच आवाज बदलला तर जागा सापडली. नीडलच्या आट्यांवर सिलिकॉनच्या इंधननळीचा छोटा तुकडा ताणून चढवला की ती गळती बंद होते. मागच्या झाकणाचे स्क्रू कारखान्यातून येतानाच ढिले असल्याची उदाहरणे इतकी आहेत की नवे इंजिन आल्यावर पहिले काम ॲलन-की घेऊन सर्व स्क्रू तपासण्याचेच असावे.

त्यानंतर टाकी. टाकीचा मध्य नीडलच्या पातळीत किंवा फार तर एक सेंटिमीटर खाली हवा. ट्रेनरच्या नाकात टाकी बऱ्याचदा वर बसते. मग भरलेल्या टाकीवर इंजिन रिच (इंधन जास्त) आणि इंधन कमी होत जाईल तसे लीन होते. तुमचे दोन-तीन मिनिटांनी दम टाकणे यात नेमके बसते. टाकीभोवती फोम नसेल तर इंधन फेसाळते, तोही एक त्रास. सायलेन्सरमधून टाकीला जाणारी दाबाची नळी सैल नाही ना, हेही पाहा.

हे झाल्यावर नीडल. पूर्ण थ्रॉटलवर सर्वाधिक फेऱ्या शोधा आणि तिथून रिचकडे या, तीनशे फेऱ्या उतरतील इतके. मग विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करा. फेऱ्या किंचित वाढल्या किंवा तशाच राहिल्या तर ठीक, बसल्या तर अजून रिच करा. आयडलच्या स्क्रूसाठी इंजिन गरम असताना आयडलवर ठेवून कार्ब्युरेटरजवळची नळी चिमटीत दाबा. दोन-तीन सेकंद चालून, आवाज जरासा चढून मग बंद पडले तर मिश्रण योग्य. लगेच बंद पडले तर लीन. आवाज खूप चढून बराच वेळ चालत राहिले तर रिच. स्क्रू एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांच्या काट्याइतकाच फिरवायचा. तुमचे इंजिन थ्रॉटल उघडताना गुदमरून धूर ओकत असेल तर रिच, आणि धुराशिवाय फट्कन बंद पडत असेल तर लीन, हा फरक कानाने व डोळ्याने ओळखता येतो.

दुसरे असे, की एबीसीची पितळी स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दाम निमुळती असते. थंड असताना प्रॉप फिरवल्यावर पिस्टन वर अडल्यासारखा वाटून कुरकुरतो, तो दोष नव्हे. गरम झाल्यावर पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगते आणि जागा बरोबर होते. म्हणून असे इंजिन रिंगवाल्या इंजिनासारखे थंड आणि फार रिच चालवून रुळवू नये. १०×६ सारखा हलका प्रॉप लावून, दोन-ठोके (सलग, तीक्ष्ण) व चार-ठोके (तुटक, खालचा) या आवाजांच्या सीमेवर राहील इतपत रिच ठेवून, कमी वेळाच्या धावा द्याव्यात आणि मध्ये पूर्ण थंड होऊ द्यावे. उन्हात दम टाकण्यामागे अर्धवट रुळलेली स्लीव्हही असू शकते.

उत्तर ४: जुनाट

वरचे सगळे पटते, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. जुळणी नीट केली की स्वस्त आणि महाग इंजिन सारखेच, असा सूर या चर्चेतून निघतो आहे. तसे नाही. योग्य प्लग, योग्य इंधन आणि गळती बंद, एवढे झाल्यावर पूर्ण थ्रॉटलवरचा फरक खरोखर थोडा उरतो आणि ट्रेनरवर तो जाणवतही नाही. फरक राहतो तो आयडल आणि मधल्या थ्रॉटलमध्ये. कार्ब्युरेटरचे ड्रम आणि त्याचे भोक यांत जी अचूकता लागते ती स्वस्त इंजिनात नगानगाला बदलते; एकाच कंपनीची दोन इंजिने शेजारी ठेवली तर एक गुणी आणि दुसरे हट्टी निघू शकते. महाग इंजिनात तुम्ही पैसे मोजता ते या खात्रीसाठी. उतरताना इंजिन बंद पडू नये, ही गरज जमिनीवरच्या पाचशे जास्त फेऱ्यांपेक्षा मोठी आहे.

म्हणून कमी बजेट असलेल्या नवशिक्याला मी बॉल बेअरिंगच्या स्वस्त इंजिनाऐवजी नामांकित कंपनीचे साध्या बुशचे (बॉल बेअरिंगऐवजी धातूची नळी असलेले) इंजिन सुचवत असे. ओएसची एलए मालिका त्या जातीची होती. शक्ती कमी, पण हाताने फिरवल्यावर सुरू होणार आणि आयडल सोडणार नाही. एनसीसीच्या हवाई शाखेत ज्यांनी मॉडेल उडवली आहेत, त्यांना अशा साध्या इंजिनांचा सोशिकपणा ठाऊक असेल. आता तशी इंजिने नवी मिळणे अवघड झाले आहे, पण कुणाच्या माळ्यावर पडलेले जुने, न वापरलेले नग अधूनमधून विकायला येतात.

तुमचे इंजिन विकू नका. विकून हाती फारसे काही येणार नाही. शिम आणि प्लग बदलल्यावरही ते जड वाटत असेल तर प्रॉप ११×५ करून पाहा. पिच कमी झाल्यावर इंजिनाला श्वास घ्यायला जागा मिळते आणि ट्रेनरला तसाही फार वेग लागत नाही. सहा इंच पिचने १२,००० फेऱ्यांना सैद्धांतिक वेग ताशी ११० किलोमीटर निघतो, तुमच्या विमानाला तो कशाला?

आणि बेअरिंगकडे लक्ष ठेवा. मिथेनॉल ओलावा ओढते, आपला पावसाळा दमट, आणि स्वस्त बेअरिंगचे पोलाद लवकर गंजते. दिवसाचे उड्डाण संपल्यावर नळी काढून टाकीतले इंधन रिकामे करा, इंजिन उरलेले इंधन संपवून आपोआप बंद पडू द्या आणि कार्ब्युरेटरमधून हलक्या तेलाचे काही थेंब घालून प्रॉप हाताने फिरवा. प्रॉप फिरवताना खरखर जाणवू लागली तर बेअरिंग बदलायला वेळ लावू नका. जुन्या बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. तो घेऊन बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात जा आणि सी-३ मोकळीकीचे (आतली जागा नेहमीपेक्षा थोडी जास्त असलेले), नामांकित कंपनीचे मागा. क्रँककेस ओव्हनमध्ये गरम करून ओट्यावर आपटली की मागचे बेअरिंग स्वतःच सुटून पडते. हातोडा लागत नाही. घरच्यांना विचारून ओव्हन घ्या, एरंडेलाचा वास आठवडाभर जात नाही.

हवाईछंद

शिम दोन निघाल्या. एक काढून, एन्याचा प्लग घालून आणि टाकी फोमने खाली बसवून या रविवारी पुन्हा टॅकोमीटर लावतो. नीडलवर नळीचा तुकडा आत्ताच चढवला आहे. आकडे इथेच टाकेन.