मोझार्टचे हॉर्न कॉन्चेर्टो: व्हॉल्व्हच्या हॉर्नवर नेमकं काय हरवतं?

खर्ज_रियाझ:
मोझार्टचे चारही हॉर्न कॉन्चेर्टो (हॉर्न या पितळी फुंकवाद्यासाठी ऑर्केस्ट्राच्या साथीने लिहिलेल्या रचना) बिनव्हॉल्व्हच्या, म्हणजे सूर बदलायच्या झडपा नसलेल्या जुन्या नॅचरल हॉर्नवरच ऐकायला हवेत असं माझं ठाम मत आहे. हॉर्नवादक डेनिस ब्रेनचं ऑर्केस्ट्रा-संचालक कारायानबरोबरचं १९५३ चं व्हॉल्व्हच्या हॉर्नवरचं रेकॉर्डिंग मलाही जिवापाड आवडतं, पण तेवढंच ऐकून थांबलात तर निम्मं संगीत ऐकायचं राहिलंच.

कारण सांगतो. मोझार्ट गेला १७९१ ला आणि हॉर्नला व्हॉल्व्ह आले ते १८१० नंतर. म्हणजे त्याच्यासमोर होती ती नुसती चारेक मीटरची गुंडाळलेली नळी, आणि त्यातून निघतात फक्त निसर्गाने दिलेले स्वर. ई फ्लॅटला सा धरा, मधल्या सप्तकात सा, ग, प आणि थोडा उतरलेला कोमल नी एवढंच मिळतं, बाकी रे, म, ध, शुद्ध नी हे सगळे उजवा हात भोंग्यात कमीजास्त सारून काढायचे. हाताने काढलेला सूर उघड्या सुरासारखा वाजत नाही, तो दबका येतो, जोरात फुंकला तर चिरका होतो.

आता के. ४४७ (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) मधली रोमान्स, म्हणजे मधला संथ भाग घ्या. ती ए फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे हॉर्नच्या मध्यमालाच सा केलंय! आणि हा मध्यम त्या नळीत सरळ मिळतच नाही, वरच्या सप्तकात जो मिळतो तो शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधे कुठेतरी लटकतो. म्हणजे ज्या सुरावर विसावायचं तोच सूर हाताने घडवायचा. हा योगायोग नाहीये, एवढं कळणारा माणूस उगाच असं लिहीत नाही. व्हॉल्व्हवर हे सगळे सूर एकसारखे गुळगुळीत येतात आणि ती सावली पुसली जाते.

दुपारची_मैफल:
साफ असहमत. तुम्ही वाद्याची अडचण आणि संगीतकाराची इच्छा यात गल्लत करताय. मोझार्टने हे कॉन्चेर्टो ज्याच्यासाठी लिहिले तो योसेफ लॉइटगेब, त्याचं १७७० मध्ये पॅरिसला कौतुक कशासाठी झालं होतं? तो अडाजिओ, म्हणजे संथ भाग, अगदी मुलायम, अचूक गाणाऱ्या गळ्यासारखा वाजवतो म्हणून! म्हणजे त्या माणसाने आयुष्यभर बंद (हाताने काढलेला) सूर आणि उघडा सूर यातला फरक *लपवायची* मेहनत केली आणि तुम्ही म्हणताय तोच फरक ऐका. लॉइटगेबला व्हॉल्व्ह मिळाले असते तर त्याने ते आनंदाने घेतले असते असं मला मनापासून वाटतं. आणि मग पियानो कॉन्चेर्टोही आजच्या पियानोवर बंद करायचे का?

कोमल_ऋषभ:
आपल्याकडे हाच वाद पेटीवरून झालाय की. आकाशवाणीने १९४० ला पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत, कारण काय तर तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही. म्हणणं खोटं नव्हतंच, पण तोवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीवर काय करून दाखवलं होतं तेही खोटं नव्हतं. मला बंदीची भाषाच खटकते.

खर्ज_रियाझ:
@कोमल_ऋषभ, बंदी कोण घालतंय? मी म्हणतोय दोन्ही ऐका, पण मूळ कुठलं ते माहीत असू द्या.

@दुपारची_मैफल, लॉइटगेबचा मुद्दा खरंच वजनदार आहे, पण तो अडाजिओचा. हळुवार वाजवताना हाताचा सूर बराच झाकता येतो, मान्य. पण झाकलेला सूरही उघड्या सुरापेक्षा वेगळाच लागतो, रेशमी पडद्याआडून आल्यासारखा, तेच तर हवंय. आणि ४४७ च्याच पहिल्या मूव्हमेंटमध्ये (भागात) डेव्हलपमेंटला, म्हणजे चालींचा विस्तार होतो तिथे, मोझार्ट थेट डी फ्लॅटला जातो, घरापासून इतक्या लांब की हात भोंग्यातून बाहेर यायला फुरसतच मिळत नाही, सगळा रंगच बदलतो. हॉर्नवादक हेरमान बाउमानने संचालक आर्नोंकूरबरोबर नॅचरल हॉर्नवर केलेलं रेकॉर्डिंग लावून तेवढीच जागा ऐका आणि मग सांगा ही नुसती अडचण आहे का.

हॉर्नवाला_पुणे:
मी स्वतः व्हॉल्व्हवाला डबल हॉर्न (दोन लांबीच्या नळ्या एकत्र असलेला) वाजवतो म्हणून बोलतो. जगभर ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला मोझार्टचा कॉन्चेर्टो मागतात आणि तिथे बघतात ते सगळे सूर एका वजनाचे आहेत का हेच. त्यामुळे आम्ही शिकतानाच हा फरक विसरायला शिकतो. पण शिक्षकाने एकदा व्हॉल्व्हला हात न लावता के. ४९५ चा रॉन्डो (मुख्य चाल पुन्हा पुन्हा येणारा शेवटचा भाग) वाजवायला लावला तेव्हा कळलं की शिकारीची ती उड्या मारणारी चाल जवळजवळ सगळी उघड्या सुरांवर बेतलीये, ओठांना आपोआप सापडते. तिथे मोझार्ट वाद्याच्या बाजूने लिहितो आणि रोमान्समध्ये वाद्याला अवघड जागी नेतो. हे बोटांनी कधीच कळलं नसतं.

तरी कार्यक्रमात मी व्हॉल्व्हवरच वाजवणार. नॅचरल हॉर्नवर सूर हुकला की लोकांना रंगबिंग काही ऐकू येत नाही, फक्त हुकलेला सूर ऐकू येतो.

व्हिएन्नाकर:
इथली गंमत अशी की व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा अजूनही जुन्या घडणीचा एफ हॉर्न (एफ हा मूळ सूर असलेला) वाजवतो, व्हॉल्व्ह आहेत पण वेगळे, आवाज गडद. म्हणजे मधलाही रस्ता आहे.

आणि के. ४१२ विसरू नका. नंबर पहिला असला तरी तो शेवटचा, १७९१ चा, अर्धवट राहिलेला, रॉन्डो पुढे मोझार्टचा शिष्य झ्यूसमायरने पुरा केला. तोवर लॉइटगेब साठीच्या जवळ आलेला आणि त्यात हाताने काढायच्या अवघड जागा, फार वरचे-खालचे सूर मोझार्टने टाळलेत. रॉन्डोच्या हस्तलिखितात ऑर्केस्ट्राला अलेग्रो (जलद) लिहून हॉर्नला मात्र अडाजिओ लिहिलंय, आणि शेवटी इटालियनमध्ये 'देवाची कृपा, पुरे, पुरे!' अशी मित्राची थट्टा. त्याला प्रत्येक सुरामागचा घाम माहीत होता हे तरी यातून दिसतं.

दुपारची_मैफल:
४१२ चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! अवघड सूर काढून टाकले तरी ती रचना सुंदरच राहिली ना? म्हणजे सौंदर्य बंद सुरांवर अवलंबून नव्हतं. बाउमान लावला आत्ता. डी फ्लॅटची जागा अंगावर येते हे खरं, ते मी नाकारत नाही. पण रोमान्स ऐकताना माझं लक्ष सारखं 'हा सूर हाताचा, हा उघडा' इकडेच जात राहिलं, आणि ब्रेनच्या वेळी मी फक्त गाणं ऐकतो. ४४७ च्या शेवटच्या रॉन्डोत तीच रोमान्सची चाल शिकारीच्या लयीत परत येते ना, ती ब्रेनमध्ये पटकन ओळखू येते, इथे मला रंगांच्या गडबडीत निसटली.

खर्ज_रियाझ:
पहिल्यांदा ऐकताना होतंच तसं, कान त्या फरकाला सरावला की लक्ष जाणं थांबतं. परत एकदा ऐका, आणि यावेळी रोमान्सऐवजी रॉन्डोपासून सुरुवात करा.