माटवीचं टिकाऊ सामान

ताई, माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीचं, फळापानांचं सामान विसर्जनाआधीच सुकतं, जुन्या वळणाचं पण टिकणारं काय लावावं, असं विचारलंत. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं छानच, पण नवीन असताना फार चकचकीत दिसतात. मी करवंट्या घेते. वरचा काथ्या काचेच्या तुकड्याने खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग खोबरेल. रंग नकोच! पांढरा सुती दोरा कडक चहात रात्रभर बुडवला की आजीच्या पेटाऱ्यातला वाटतो. फक्त डिंकावर भिस्त ठेवू नका. भाद्रपदातल्या दमट हवेत तो सुटतो. आमची एक करवंटी थेट आरतीच्या ताटात पडली होती. भोक पाडून गाठच मारा. कवंडळं, ती रानफळं, मात्र खरीच हवीत, हं.