लाइटरूम सोडून डार्कटेबल घ्यायचंय, पण जुन्या फोटोंचं काय?

पाणकोंबडी:
नमस्कार मंडळी. पक्ष्यांचे फोटो काढणं हा माझा निव्वळ छंद. त्यासाठी लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरला दर महिन्याला पैसे भरणं आता नको वाटतं, म्हणून त्याच कामाचं फुकट मिळणारं डार्कटेबल टाकून बघितलं. पहिलाच रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला) उघडला तो फिकट आणि सपाट. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तोच फोटो छान उठून दिसत होता. शिवाय लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे फोटोंच्या नोंदवहीत, माझं कित्येक वर्षांचं काम आहे : पक्ष्यांची नावं, पसंतीचे तारे, क्रॉप, रंग. सबस्क्रिप्शन बंद केलं की हे सगळं जाणार का?

रानवाट:
नाही जाणार. लाइटरूम क्लासिकचं सबस्क्रिप्शन संपलं तरी कॅटलॉग उघडतो, फोटो एक्स्पोर्टही करता येतात. बंद पडतात ते डेव्हलप (एडिटिंगचा) आणि मॅप (नकाशाचा) हे दोन विभाग. तरी आत्ताच सगळे फोटो सिलेक्ट करून कंट्रोल-एस दाबा. मग प्रत्येक रॉ फाइलशेजारी त्या फोटोच्या नोंदी ठेवणारी एक एक्सएमपी फाइल तयार होते आणि डार्कटेबल पहिल्या इम्पोर्टला ती वाचतं. तारे, कीवर्ड, रंगाची लेबलं येतात. कलेक्शन (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटच्या आवृत्त्या) मात्र एक्सएमपीत जात नाहीत, म्हणून प्रत्येक कलेक्शनचं नाव आधी त्यातल्या फोटोंना कीवर्ड म्हणून लावून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

धुकं:
माझं कळकळीचं सांगणं : जुने फोटो डार्कटेबलमध्ये पुन्हा तसेच्या तसे करायच्या मागे लागू नका. क्रॉप, एक्स्पोजर वगैरे काही गोष्टी येतात, पण दोन्हींचं आतलं गणित वेगळं, त्यामुळे रंग जुळत नाहीत. जीव जडलेले फोटो लाइटरूममधूनच १६ बिट टिफ या भरपूर तपशील टिकवणाऱ्या फाइलमध्ये काढून ठेवा आणि नवं काम नव्या फोटोंपासून सुरू करा.

सपाट दिसतं कारण कॅमेरा स्क्रीनवर स्वतःचा कर्व्ह (उजेड-अंधार उठावदार करणारा बदल) लावलेला जेपेग दाखवतो. डार्कटेबलमध्ये आधी एक्स्पोजरने पक्ष्याचा उजेड नीट करा, आकाश जळतंय असं वाटलं तरी घाबरू नका, मग सिग्मॉइड लावा, ते उजेड-अंधार पडद्यावर दिसेल असा बसवतं. सिग्मॉइड ४.२ आवृत्तीत, डिसेंबर २०२२ मध्ये आलं. बेस कर्व्ह या जुन्या पद्धतीपासून सुरुवात करणारे व्हिडिओ सोडून द्या, नुसता गोंधळ होतो. आणि तुमच्यासाठी खरी मोलाची गोष्ट म्हणजे डीनॉइज प्रोफाइल्ड. त्यात कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे आणि आयएसओप्रमाणे (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, मोजून ठेवलेला असतो. ही मोजणी बरीचशी वापरणाऱ्यांनीच करून पाठवलेली आहे, आणि मला या सॉफ्टवेअरबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यासाठी. पहाटेच्या अंधारात मोठ्या आयएसओला काढलेल्या फोटोत पिसांची रेघ न् रेघ टिकवायची तर इथेच वेळ द्या.

पाणकोंबडी:
दोघांचेही मनापासून आभार. एकच शंका : डार्कटेबलसुद्धा एक्सएमपीच लिहितं ना? मग लाइटरूमची फाइल पुसली जाईल का?

रानवाट:
नाही, नावं वेगळी असतात. लाइटरूमची आयएमजी_१२३४.एक्सएमपी, डार्कटेबलची आयएमजी_१२३४.सीआर२.एक्सएमपी (सीआर२ हा कॅननच्या रॉ फाइलचा प्रकार). दोन्ही एकाच फोल्डरमध्ये राहतात. बॅकअप घेताना रॉ फाइलबरोबर दोन्ही घ्या.